एकाच अँपमधले तीन हम

प्रश्न थोडक्यात असा: "पहिलाच व्हॉल्व्ह अँप बांधला आहे. दोन चॅनेल, प्रत्येकी एक ईएल८४ (स्पीकर चालवणारा आउटपुट व्हॉल्व्ह), अलीकडे दोघांत मिळून एक ईसीसी८३ (सिग्नल आधी वाढवणारा छोटा व्हॉल्व्ह). रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा व्हॉल्व्ह) ईझेड८१, त्यानंतर १० हेन्रीचा चोक (डीसीतली लहर गाळणारी कॉइल). आउटपुट ट्रान्सफॉर्मर ५.२ किलोओहम ते ८ ओहम, स्पीकर ९० डेसिबलचे. आवाज गोड आहे, पण हम (मेन्सच्या विजेची घुमणारी घरघर) जात नाही. व्हॉल्यूम शून्यावर ठेवला तरी येतो, वाढवला की थोडा वाढतो, आणि संगणक जोडला की त्यात आणखी एक चिरका आवाज मिसळतो. पहिला कपॅसिटर ४७ मायक्रोफॅरडचा होता, तो २२० केला. इनपुटच्या वायरी शील्डेड घातल्या. ईसीसी८३ बदलून पाहिला. हम गेला नाहीच, उलट आता जास्त टोचतो. एचटी (उच्च व्होल्टेज) वाइंडिंगचा सेंटर टॅप (मधलं टोक) ट्रान्सफॉर्मरजवळच्या बोल्टला चॅसीवर (अँपच्या धातूच्या खोक्यावर) घेतला आहे, ग्राउंडची जाड तार पहिल्या कपॅसिटरपासून इनपुट सॉकेटपर्यंत जाते आणि तिथे चॅसीला टेकते. हीटरचं (व्हॉल्व्ह तापवणाऱ्या तंतूचं) एक टोक चॅसीला आहे. यानंतर फोनो (रेकॉर्ड प्लेअरसाठीचा) प्रीअँप करायचा विचार आहे. सुरुवात कुठून करू?"

सुरुवात तो २२० चा कपॅसिटर काढण्यापासून करा. ईझेड८१ च्या लगेच पुढे ५० मायक्रोफॅरडपेक्षा मोठा कपॅसिटर चालत नाही, त्या व्हॉल्व्हच्या माहितीपत्रकात ही कमाल मर्यादा दिलेली आहे. मोठा कपॅसिटर प्रत्येक आवर्तनात कमी वेळ पण जास्त जोरात करंट ओढतो. त्या झटक्यांनी रेक्टिफायरचं कॅथोड (इलेक्ट्रॉन सोडणारा भाग) झिजतं. शिवाय झटका जितका टोकदार, तितके त्यातले वरचे हार्मोनिक जास्त, म्हणून हम टोचायला लागला. रिपल (डीसीवर उरलेली लहर) कमी झाला हे खरं, पण तुमचा मुख्य हम रिपलचा नव्हताच. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असं झालं ते.

तुम्ही एक हम शोधताय, पण वर्णनावरून तुमच्या अँपमध्ये निदान तीन आहेत, एकावर एक चढलेले. बहुतेक जण इथेच थकतात. स्पीकरवर एका कारणाने २० मिलिव्होल्ट हम येतोय आणि दुसऱ्या कारणाने ६ मिलिव्होल्ट, आणि दोन्हींच्या फ्रिक्वेन्सी वेगळ्या आहेत, असं समजा. एकूण होतात साधारण २१ मिलिव्होल्ट, कारण अशी बेरीज वर्गांची असते. तुम्ही मेहनत करून तो ६ वाला पूर्ण घालवलात, तर २१ चे २० होतात. कानाला शून्य फरक. तुम्ही म्हणता, उपाय चुकला, आणि केलेलं उलटवून टाकता. उपाय बरोबरच होता, फक्त त्याची पाळी आली नव्हती.

याहून वाईट प्रकारही असतो. दोन्ही हम ५० हर्ट्झचेच असले आणि उलट फेजमध्ये असले, तर ते एकमेकांना खातात. मी एका प्रीअँपवर दोन आठवडे घालवले होते. हीटरच्या वायरी नीट पिळून कोपऱ्यात दाबल्या की हम वाढायचा, सैल सोडल्या की कमी व्हायचा. मी त्या सैलच ठेवल्या आणि स्वतःवर खूश झालो. पुढे ट्रान्सफॉर्मर थोडा फिरवला तेव्हा कळलं की हीटरचा हम ट्रान्सफॉर्मरच्या हमला झाकत होता. तेव्हापासून माझा नियम साधा आहे: कानावर विसंबून कोणताही बदल उलटवायचा नाही, आकडा लिहून ठेवायचा.

आकडा कसा काढायचा? स्पीकरच्या जागी ८ ओहमचा, १० वॅटचा रेझिस्टर लावा, इनपुट सॉकेटमध्ये शॉर्ट केलेला प्लग घाला, आणि मल्टिमीटर एसी मिलिव्होल्टवर ठेवून रेझिस्टरवर मोजा. स्वस्त मीटर शेवटच्या अंकात थोडी थाप मारतो, पण चढउतार कळायला तो पुरतो. ९० डेसिबलच्या स्पीकरला १ मिलिव्होल्ट दिला तर एक मीटरवर साधारण २१ डेसिबल आवाज निघतो. शांत खोलीत १०० हर्ट्झ ऐकू यायला सुमारे २७ डेसिबल लागतात आणि ५० हर्ट्झला ४४ च्या आसपास. म्हणून १ मिलिव्होल्टच्या खाली गेलात की काम संपलं. ५ च्या आसपास रात्री ऐकू येईल. २० च्या वर असेल तर गाण्यातल्या शांत जागा गेल्याच म्हणून समजा. एक सांभाळा: आउटपुट ट्रान्सफॉर्मर लोडशिवाय सोडून इनपुटला सिग्नल कधीही देऊ नका.

मग फ्रिक्वेन्सी. वीज ५० हर्ट्झची असेल तर हम ५० चा आहे की १०० चा, आणि ६० हर्ट्झची असेल तर ६० चा की १२० चा, हे ठरवा. पुढे मी ५० च धरून बोलतो. दोन्हींत बरोबर एका सप्तकाचा फरक आहे, त्यामुळे सूर ओळखणाऱ्या कानाला ते सोपं जातं. फोनवर टोन जनरेटर लावून ५० आणि १०० वाजवा आणि ताडून पाहा. लहान स्पीकर ५० नीट वाजवतच नाहीत, तेव्हा फसगत होऊ शकते. स्पेक्ट्रम दाखवणारं ॲप स्पीकरजवळ धरलं की शंका मिटते. ५० हर्ट्झचा मऊ, घुमणारा आवाज असेल तर हीटर, ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र किंवा उघडा पडलेला ग्रिड (व्हॉल्व्हचं इनपुट टोक) यांच्याकडे पाहा. १०० चा गोल आवाज असेल तर एचटीचा रिपल. १०० च्या पटीतले खूप हार्मोनिक असलेली, माशीसारखी भुणभुण असेल तर कपॅसिटर भरतानाचे झटके चुकीच्या तारेतून वाहतायत. तुमचं "टोचतो" हे वर्णन मला या तिसऱ्या प्रकाराकडे नेतं.

एक फुकटची चाचणी आहे. अँप गरम असताना, हम ऐकत ऐकत त्याचं स्विच बंद करा. व्हॉल्व्ह आणि कपॅसिटर अजून जिवंत असतात, त्यामुळे काही सेकंद अँप आवाज वाढवतच राहतो. हम त्याच क्षणी तुटला तर तो अँपच्या स्वतःच्या विजेतून येत होता. अँप मावळेपर्यंत हमही रेंगाळत राहिला तर तो बाहेरून येतोय: जोडलेल्या दुसऱ्या उपकरणातून किंवा शेजारच्या एखाद्या ॲडॅप्टरमधून. एकदा कान ट्रान्सफॉर्मरजवळही न्या. पुष्कळदा ज्याला हम म्हणतात तो स्पीकरमधून येतच नसतो, ट्रान्सफॉर्मरच्या पट्ट्या थरथरत असतात. त्यावर इलेक्ट्रॉनिक्सचा काही इलाज नाही, रबरी वॉशर घाला आणि बोल्ट आवळा.

आता व्हॉल्यूम फिरवून पाहा. शून्यावर जो हम आहे तो पॉटच्या (व्हॉल्यूमच्या बदलत्या रेझिस्टरच्या) पुढचा. फिरवल्यावर सतत वाढत जाणारा भाग पॉटच्या अलीकडचा. आणि हम साधारण पाऊण फेरीवर सर्वांत मोठा होऊन दोन्ही टोकांना कमी होत असेल, तर ग्रिडची वायर आसपासचं विद्युतक्षेत्र पकडतेय. १०० किलोओहमचा पॉट विद्युतदृष्ट्या मध्यावर असतो तेव्हा त्याचा सोर्स रेझिस्टन्स २५ किलोओहम होतो, टोकांना तो जवळजवळ शून्य असतो. लॉग पॉटचा हा मध्य फेरीच्या मध्यावर येत नाही, पुढे सरकतो. असं दिसलं तर पॉटचं धातूचं अंग ग्राउंड करा आणि वायपरपासून (पॉटच्या सरकत्या टोकापासून) ग्रिडपर्यंतची वायर शील्डेड घाला. शील्ड एकाच टोकाला जोडायचं. तुम्ही इनपुटच्या वायरी शील्डेड केल्या त्या चांगल्याच आहेत, पण व्हॉल्यूम शून्यावर असताना येणाऱ्या हमला त्यांचा स्पर्शही होत नाही.

यानंतर अँप बंद करा, कपॅसिटर रिकामे झाले हे मीटरने बघा, ईसीसी८३ काढा आणि पुन्हा चालू करा. हम जवळपास गेला तर उगम ईसीसी८३ च्या आसपास किंवा त्याच्या ग्राउंडमध्ये. तसाच राहिला तर ईएल८४ किंवा पुरवठ्यात. मग पुन्हा बंद करून ईझेड८१ सुद्धा काढा. आता एचटी नाही, फक्त मेन्स ट्रान्सफॉर्मर आणि हीटर चालू आहेत. तरीही रेझिस्टरवर मिलिव्होल्ट दिसले तर मेन्स ट्रान्सफॉर्मर चुंबकीय क्षेत्रातून थेट आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये बोलतोय, दुसरं काही उरलेलंच नाही. हे सगळं तुमच्या मांडणीत चालतं, कारण दोन टप्प्यांमध्ये कपलिंग कपॅसिटर (सिग्नल सोडणारा, डीसी अडवणारा) आहे. ज्या सर्किटमध्ये पहिल्या व्हॉल्व्हचा अनोड (आउटपुट टोक) थेट दुसऱ्याच्या ग्रिडला जोडलेला असतो, तिथे पहिला व्हॉल्व्ह काढला की आउटपुटचा ग्रिड एचटीवर चढतो आणि व्हॉल्व्ह लाल होतो. तिथे हा खेळ करू नका.

मी इथे बसून उंटावरून शेळ्या हाकतोय हे मान्य, पण तुम्ही दिलेल्या जोडणीवरून पैज लावायची झाली तर मी ग्राउंडवर लावीन. बघा काय होतंय. एचटीचा सेंटर टॅप बोल्टमधून चॅसीवर उतरतो. पहिल्या कपॅसिटरचं ऋण टोक मात्र ग्राउंडच्या जाड तारेवर आहे, आणि ती तार चॅसीला भेटते थेट इनपुट सॉकेटपाशी. कपॅसिटर भरणाऱ्या करंटला सेंटर टॅपकडे परत जायला दुसरी वाटच ठेवलेली नाही. तो पहिल्या कपॅसिटरपासून निघून अख्ख्या तारेतून इनपुटपर्यंत जातो, तिथून चॅसीत उतरतो आणि मग बोल्टकडे. म्हणजे सांडपाण्याचं गटार तुम्ही देवघरातून काढलंय.

ही गोष्ट किती मोठी आहे ते आकड्यांत पाहू. १ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध १० सेंटिमीटरला साधारण १.७ मिलिओहम. ऐकायला क्षुल्लक वाटतो. तुमच्या अँपचा एकूण करंट ११० मिलिअँपिअरच्या आसपास असेल, पण कपॅसिटर प्रत्येक आवर्तनात थोडाच वेळ भरतो, म्हणून झटक्याचं शिखर त्याच्या चार-पाच पट जातं. अर्धा अँपिअर धरा. ईसीसी८३ च्या कॅथोडपासून इनपुट सॉकेटपर्यंतच्या १० सेंटिमीटरवर ०.८५ मिलिव्होल्ट उभे राहतात, आणि व्हॉल्व्हच्या दृष्टीने ते इनपुटच आहे. फीडबॅकसकट (आउटपुटचा थोडा भाग परत अलीकडे देण्यासकट) इनपुटपासून स्पीकरपर्यंतची वाढ ३० पट धरली तर स्पीकरवर शिखराला २५ मिलिव्होल्ट. व्हॉल्यूम शून्यावर असो की पूर्ण, तेवढेच. रंगावर आवळलेला एखादा बोल्ट वाटेत असला तर आणखी.

दुरुस्तीला एक पैशाचाही भाग लागत नाही. सेंटर टॅपची वायर बोल्टवरून सोडवा आणि थेट पहिल्या कपॅसिटरच्या ऋण टोकावर सोल्डर करा, त्याच ठिकाणी, पाच सेंटिमीटर अलीकडे नाही. झटक्यांचा फेरा आता ट्रान्सफॉर्मर, रेक्टिफायर आणि पहिला कपॅसिटर एवढ्यातच फिरेल. त्या ऋण टोकापासून एकच वायर चोकनंतरच्या कपॅसिटरच्या ऋण टोकावर न्या. तिथे ईएल८४ चे कॅथोड रेझिस्टर, त्यांचे बायपास कपॅसिटर आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीचं ग्राउंड टोक आणा. तिथून पुढे एक वायर ईसीसी८३ च्या कपॅसिटरच्या ऋण टोकावर, आणि त्या टप्प्याचे कॅथोड रेझिस्टर, ग्रिड लीक (ग्रिडपासून ग्राउंडला जाणारा रेझिस्टर), पॉट हे सगळं तिथे. शेवटी इनपुट सॉकेट. सॉकेट चॅसीपासून वॉशरने वेगळे ठेवा. "सगळं एकाच ताऱ्यात आणा", म्हणजे सगळी ग्राउंड एका बिंदूवर, हा सल्ला तुम्ही वाचला असेल. तो चुकीचा नाही, पण वीस लांबलचक वायरी एका बोल्टवर आणल्या की प्रत्येक वायर ही एक अँटेना होते आणि त्या बोल्टवर पहिला कपॅसिटरही आला की मूळ दुखणं परत येतं. प्रत्येक टप्प्याने आपलं ग्राउंड आपल्याच कपॅसिटरपाशी गोळा करावं आणि टप्पे क्रमाने ओवावेत, हे मला जास्त भरवशाचं वाटतं. चॅसीशी ही माळ एकाच जागी जोडायची, इनपुटच्या टोकाला. आता त्या जोडातून करंट वाहत नाही, म्हणून तो निरुपद्रवी आहे.

विजेच्या वायरमधली सेफ्टी अर्थ मात्र या माळेत ओवायची नाही. तिला तिचा स्वतःचा बोल्ट, रंग खरवडून, दातेरी वॉशर घालून, थेट चॅसीवर.

एवढं केल्यावर आकडा घ्या. माझा अंदाज आहे की तो निम्म्याहून खूप खाली गेलेला असेल आणि उरलेला हम स्वभावाने वेगळा वाटेल: टोचणारा नाही, गोल, १०० हर्ट्झचा. हा दुसरा. इथे रिपलकडे वळायची वेळ येते, पण पहिल्या कपॅसिटरकडे नाही.

४७ मायक्रोफॅरड आणि ११० मिलिअँपिअर म्हणजे पहिल्या कपॅसिटरवर शिखर ते शिखर वीसेक व्होल्ट रिपल, मीटरवर पाच-सहा व्होल्ट. घाबरू नका, तो तिथे असणारच. १० हेन्रीचा चोक १०० हर्ट्झला ६.३ किलोओहमसारखा वागतो आणि त्यापुढचा ४७ चा कपॅसिटर ३४ ओहमसारखा, म्हणजे रिपल साधारण १८५ पट खाली येऊन ३० मिलिव्होल्ट उरतो. हे ३० मिलिव्होल्ट ईएल८४ च्या अनोडला आणि स्क्रीनला, दोघांनाही मिळतात, पण परिणाम सारखा नसतो. पेंटोडचा अंतर्गत रोध मोठा, ईएल८४ चा ३८ किलोओहम. म्हणून अनोडच्या बाजूने आलेल्या रिपलचा फक्त १२ टक्के भाग ५.२ किलोओहमच्या प्रायमरीवर पडतो. स्क्रीनचं तसं नाही. स्क्रीन हा दुसरा ग्रिडच आहे. ईएल८४ चा ट्रान्सकंडक्टन्स व्होल्टला ११.३ मिलिअँपिअर आणि स्क्रीनचा मू (वाढीचा गुणांक) १९, म्हणजे स्क्रीनवर एक व्होल्ट हलला तर अनोडचा करंट सुमारे ०.६ मिलिअँपिअर हलतो आणि प्रायमरीवर पावणेतीन व्होल्ट दिसतात. अनोडच्या वाटेने येणाऱ्या रिपलपेक्षा वीसपटीहून जास्त. ट्रान्सफॉर्मरचं प्रमाण २५.५ आहे, त्यामुळे स्क्रीनच्या वाटेने स्पीकरवर ३ मिलिव्होल्ट येतात आणि अनोडच्या वाटेने ०.१४. फीडबॅक यातला काही भाग कमी करतो, तो मी धरलेला नाही.

म्हणून प्रत्येक स्क्रीनच्या वाटेत १ किलोओहम, १ वॅट घाला आणि स्क्रीनपासून ग्राउंडला ४७ मायक्रोफॅरड, ४०० व्होल्टचा. स्क्रीन ५.५ मिलिअँपिअर घेते, म्हणजे साडेपाच व्होल्ट पडतील, त्याने काही बिघडत नाही. रिपल मात्र आणखी तीसपट खाली. दोन रेझिस्टर आणि दोन कपॅसिटर, आणि ३ मिलिव्होल्टचा ०.१ होतो. तोच पैसा पहिल्या कपॅसिटरवर घातला असता तर रेक्टिफायर गेला असता. पुश-पुल अँपमध्ये (जिथे दोन आउटपुट व्हॉल्व्ह उलट फेजमध्ये चालतात) दोन बाजूंचा रिपल आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये एकमेकांना खोडतो, म्हणून तिथे लोक या भानगडीत पडत नाहीत. तिथे १०० हर्ट्झ ऐकू आला तर आधी दोन व्हॉल्व्हचे करंट समान आहेत का ते पाहायचं. तुमच्यासारख्या एकाच आउटपुट व्हॉल्व्हच्या चॅनेलला, म्हणजे सिंगल एंडेडला, ही सवलत नाही. ईसीसी८३ च्या पुरवठ्याला १० किलोओहम आणि २२ मायक्रोफॅरड असेल तर ते पुरेसं आहे, तेवढ्याने १०० हर्ट्झ आणखी १३८ पट दबतो.

एक सांगायचं राहिलं. भाग जुने असतील तर हे सगळे आकडे कागदावरच. वाळलेला ४७ चा कपॅसिटर ५ मायक्रोफॅरडसारखा वागतो. संशय असेल तर अँप बंद आणि रिकामा करून, चांगला कपॅसिटर त्याला समांतर जोडा, मग चालू करा. चालू अँपला क्लिपने कपॅसिटर टेकवणाऱ्यांची ठिणगी मी पाहिली आहे, ती एकदा पाहिली की पुरते.

तिसरा हम ५० हर्ट्झचा, हीटरचा. तुम्ही हीटरचं एक टोक चॅसीला दिलंय, म्हणजे दुसरं टोक चॅसीच्या सापेक्ष पूर्ण ६.३ व्होल्टने हलतंय. जुन्या रेडिओंत असं करत, कारण वायर वाचायची आणि तिथला छोटा स्पीकर ५० हर्ट्झ वाजवायचाच नाही. इथे ते टोक सोडवा. वाइंडिंगला मधला टॅप असेल तर तो घ्या, नसेल तर दोन्ही टोकांना एकेक १०० ओहमचा रेझिस्टर लावून त्यांचा सांधा हा मध्य माना. आता दोन्ही वायरी उलटसुलट सारख्याच हलतात आणि एकमेकींचं क्षेत्र मारतात. त्या घट्ट पिळून चॅसीच्या कोपऱ्यातून न्या आणि सॉकेटपाशी सरळ वर चढवा. ईसीसी८३ ला पाय ४ आणि ५ जोडून हीटरचं एक टोक, ९ हे दुसरं, आणि ग्रिड आहेत २ आणि ७. तेवढे दोन पाय टाळून जा.

मध्य नुसता ग्राउंडला न देता थोडा वर उचलला तर आणखी फायदा होतो. हीटरचा तंतूही तापलेला असतो आणि तोही इलेक्ट्रॉन सोडतो. कॅथोडपेक्षा तो ऋण झाला की हे इलेक्ट्रॉन कॅथोडकडे जातात आणि कॅथोडवर ५० हर्ट्झ लिहून ठेवतात. हीटर ३० व्होल्टने धन ठेवला की ही गळती थांबते. तुमच्या एचटीवरून, २७० व्होल्ट धरले तर, २७० किलोओहम आणि ३३ किलोओहमची विभागणी करा, मधे २९ व्होल्ट मिळतील. ३३ वर २२ मायक्रोफॅरड, ६३ व्होल्टचा कपॅसिटर. हीटरचा मध्य तिथे. करंट जवळजवळ वाहतच नाही, फक्त पातळी उचलली जाते. याचा उपयोग होणार की नाही हे आधी बघायचं असेल तर हीटरचा मध्य आणि ग्राउंड यांच्यात ९ व्होल्टची बॅटरी घाला, धन टोक हीटरकडे. आकडा उतरला तर पक्की जोडणी करा.

डीसी हीटर करू का, हा तुमचा पुढचा प्रश्न असेल. या अँपला नको. ६.३ व्होल्टच्या वाइंडिंगला ब्रिज आणि कपॅसिटर लावला की वाइंडिंगवरचा भार डीसी करंटच्या जवळपास दुप्पट होतो आणि ट्रान्सफॉर्मर तापतो. शिवाय नवे झटके, नवे फेरे. नीट पिळलेला, उचललेला एसी हीटर लाइन लेव्हलच्या अँपला पुरतो.

ट्रान्सफॉर्मरबद्दल थोडंच. ईझेड८१ काढलेल्या चाचणीत आकडा शून्याजवळ असेल तर हा भाग सोडून द्या. नसेल तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरचे बोल्ट काढून, वायरी न तोडता, त्याला हाताने फिरवा आणि मीटर बघत राहा, अर्थात ईझेड८१ बाहेर असतानाच. दोन्हींच्या गाभ्यांचे अक्ष काटकोनात आले की आकडा धाडकन पडतो, आणि बरोबर ९० अंशांवर नाही, थोडा इकडेतिकडे. पोलादी चॅसी चुंबकीय क्षेत्र एकाकडून दुसऱ्याकडे वाहून नेते, ॲल्युमिनियमची तसं करत नाही, पण अडवतही नाही. खरं तर ही चाचणी भोकं पाडण्याआधी करायची असते: टेबलावर दोन ट्रान्सफॉर्मर ठेवायचे, एकाला वीज, दुसऱ्याच्या सेकंडरीला हेडफोन, आणि सर्वांत शांत जागा शोधून पेन्सिलने खूण करायची. प्रत्येक जण हे दुसऱ्या अँपपासून करतो.

आता संगणकाचा चिरका आवाज. हा तुमच्या अँपचा दोष नाही, दोघांच्या अर्थचा आहे. अँपची चॅसी अर्थला, संगणकाची चॅसी अर्थला, आणि दोघांमध्ये सिग्नल वायरचं शील्ड, झाला फेरा. त्यातून वाहणारा करंट शील्डवर जो व्होल्टेज टाकतो तो सिग्नलमध्ये मिसळतो. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून बॅटरीवर चालवून पाहा, आवाज गेला तर निदान पक्कं. उपाय म्हणून ग्राउंडची माळ चॅसीला जिथे भेटते तिथला थेट जोड काढा आणि त्याऐवजी १० ओहमचा रेझिस्टर, त्याला समांतर उलटसुलट दोन जाड डायोड, आणि १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर लावा. फेऱ्यातला छोटा करंट १० ओहमला अडतो. बिघाड होऊन एचटी किंवा वीज ग्राउंडवर आली तर डायोड वाहतात आणि फ्यूज उडतो, म्हणून डायोड खरोखर जाड हवेत. ३५ अँपिअरचा ब्रिज, धन आणि ऋण टोकं एकत्र जोडून आणि एसीची दोन टोकं वापरून, हे काम नीट करतो. किंवा सिग्नलच्या वाटेत ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला.

प्लगमधली अर्थची पिन काढून टाकायचा सल्ला तुम्हाला कोणी ना कोणी देईलच. आवाज खरोखर जातो, म्हणूनच तो सल्ला जिवंत आहे. एचटीची एक वायर सुटून चॅसीला लागली की तो अँप लोखंडी सापळा होतो, आणि व्हॉल्यूमच्या बटणाला हात लावणारे नेहमी तुम्हीच असाल असं नाही.

त्याच ओघात: एचटीला १०० किलोओहमचा, ३ वॅटचा रेझिस्टर कायमचा ग्राउंडला लावून ठेवा. नाहीतर हीटर उचलणारी ती जोडीच कपॅसिटर रिकामे करत बसेल, आणि तिला चारेक मिनिटं लागतील. रेझिस्टर लावला तरी हात घालण्याआधी मीटर लावायचा, आणि चालू अँपमध्ये मोजताना दुसरा हात खिशात. वायरिंग बदलल्यावर पहिल्यांदा वीज देताना तंतूचा १०० वॅटचा दिवा मालिकेत लावा. एलईडी दिवा यासाठी चालत नाही.

फोनोबद्दल एवढंच, की आत्ता सुरू करू नका. रेकॉर्ड वाजवताना लागणारा आरआयएए वक्र ५० हर्ट्झला १ किलोहर्ट्झपेक्षा १७ डेसिबल जास्त उचलतो, म्हणजे सातपट. कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) देतं ५ मिलिव्होल्ट. हम त्याच्या ६० डेसिबल खाली हवा असेल तर इनपुटवर १ मायक्रोव्होल्टसुद्धा जास्त होतो. वर १० सेंटिमीटर तारेवर जे ०.८५ मिलिव्होल्ट मोजले, ते इथे हजारपटीच्या आसपास मोठे ठरतील. त्यामुळे तिथे मेन्स ट्रान्सफॉर्मर वेगळ्या डब्यात, मीटरभर लांब. पहिल्या व्हॉल्व्हला डीसी हीटर, आणि तो डीसी आहे म्हणून मोकळा सोडायचा नाही, त्यालाही ग्राउंडच्या सापेक्ष पातळी द्यायची. डीसी हीटर लोंबकळत ठेवून हम शोधत बसलेले मी बरेच पाहिलेत. टोनआर्मची ग्राउंड वायर प्रीअँपच्या चॅसीला, सिग्नलच्या ग्राउंडला नाही.

या अँपवर आधी सेंटर टॅपची वायर हलवा आणि आकडा लिहा. मग स्क्रीन, मग हीटर, दर वेळी एकच बदल. सेंटर टॅप हलवूनही आकडा २० च्या वरच राहिला तर ईझेड८१ काढून येणारा आकडा आणि चॅसी पोलादाची आहे की ॲल्युमिनियमची, हे दोन्ही कळवा.